कंपनीचा पिकअप प्रचारात फिरला, तर सभासदाने काय करावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही सुटलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. यवतमाळ जिल्ह्यात तुमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद 412. तुमच्याकडे दहा रुपयांचे शंभर शेअर, म्हणजे हजार रुपये भरलेले. विधानसभेच्या निवडणुकीत कंपनीचा पिकअप आठवडाभर एका उमेदवाराच्या प्रचारात फिरला, गोदामाच्या ओट्यावर सभा झाली, सोयाबीन खरेदीच्या काट्यावरची दोन पोरं खुर्च्या लावायला पाठवली, आणि पक्षाच्या स्मरणिकेत कंपनीच्या नावाने 25,000 रुपयांची पानभर जाहिरात आली. आमसभेत तुम्ही विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "कंपनी कायद्यानं माणूसच हाय. माणसाले चंदा देता येते, तर कंपनीले काऊन नाही? अन् साडेसात टक्क्यापर्यंत तर सुप्रीम कोर्टानंच मोकळं केलं." वर त्यांच्या पुतण्याने अमेरिकेतल्या कोर्टाचा हवाला दिला. तुम्हाला कळून घ्यायचंय की हे खरं का, हजार रुपयांच्या शेअरने कंपनीत तुमची मालकी नेमकी किती, आणि आता करायचं काय.

उत्तर आधी देतो, कारण मग सांगतो. अध्यक्षांचं पहिलं वाक्य बरोबर आहे. साडेसात टक्क्यांची गोष्टही खरी आहे, पण ती दुसऱ्या प्रकारच्या कंपन्यांची. उत्पादक कंपनीला राजकीय पक्षासाठी एक रुपयासुद्धा काढता येत नाही. कंपनी कायदा 2013 मधलं कलम 378-झेडएच काढून अध्यक्षांसमोर ठेवा. त्यात पैशांबरोबर सुविधा, माणसं आणि सामानही आलंय. म्हणजे तुमचा पिकअप, ओटा, काट्यावरची पोरं आणि स्मरणिकेतलं पान, चारही गोष्टी त्यात बसतात.

आता व्यक्ती असण्याबद्दल. यवतमाळ-वाशीम भागातल्या उत्पादक कंपन्यांची कागदपत्रं कंपनी सेक्रेटरी म्हणून माझ्या हाताखालून जातात, आणि सगळ्यात जास्त घोळ याच मुद्द्यावर असतो. तुमच्या गावच्या सातबाऱ्यांत एखादा तरी मारुतीच्या किंवा महादेवाच्या नावाचा असेल. वावर देवाचं, पेरतो पुजारी किंवा वहिवाटदार, खटला झाला तर देवाच्या नावाने चालतो. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सर्वोच्च कोर्टाने, मूर्तीला कायद्याच्या नजरेत व्यक्ती मानलं. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्या देवस्थान जमिनींच्या प्रकरणात सांगितलं की मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं. पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. कंपनीचंही तसंच आहे. गोदाम कंपनीचं, पिकअप कंपनीचा, बँकेतली शिल्लक कंपनीची. अध्यक्ष वहिवाटदार. देवाच्या वावराचं पीक विकून पुजाऱ्याने स्वतःच्या पुढाऱ्याची मिरवणूक काढली तर गाव काय म्हणेल, ते तुम्हीच अध्यक्षांना विचारा.

हा नियम इंग्लंडमध्ये 1897 साली एका चपला-बुटांच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात पक्का झाला. ॲरन सॉलोमन नावाच्या त्या माणसाने धंद्याची कंपनी केली, त्यात तो, बायको आणि पाच मुलं एवढेच भागधारक. कंपनी बुडाली. ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकले होते ते म्हणाले, कंपनी म्हणजे हाच माणूस, याच्याकडून वसूल करा. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, नाही म्हटलं: कंपनी वेगळी, माणूस वेगळा. तुमच्या कंपनीचं कर्ज थकलं तर बँक तुमच्या वावरावर येत नाही, ती याच नियमामुळे. शेअरचे जेवढे पैसे भरायचे राहिले असतील तेवढीच तुमची जबाबदारी. मात्र संचालकांनी कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल, तर हमी देणारा सुटत नाही.

पण व्यक्ती मानली म्हणून माणसाचे सगळेच हक्क कंपनीला मिळत नाहीत. तिचं नाव मतदार यादीत नसतं. 1963 साली स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठासमोर प्रश्न होता की कंपनीला नागरिक म्हणता येईल का. बहुमताने उत्तर आलं, नाही. घटनेच्या कलम 19 मधलं भाषणस्वातंत्र्य आणि संघटनेचं स्वातंत्र्य नागरिकाला आहे. कंपनी व्यक्ती असूनही नागरिक नाही. "माणसाले चंदा देता येते तर कंपनीले काऊन नाही" याला सरळ उत्तर हेच. माणूस चंदा देतो तो नागरिक म्हणून. कंपनीला कायद्याने जेवढं करू दिलं तेवढंच तिला करता येतं.

पुतण्याच्या अमेरिकेबद्दल दोन वाक्यं पुरेत. 2010 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सिटिझन्स युनायटेड या खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करण्यापासून अडवता येणार नाही. पण त्याच देशात कंपनीच्या तिजोरीतून संघीय निवडणुकीच्या उमेदवाराला थेट पैसे द्यायला 1907 पासून बंदी आहे, आणि त्या निकालाने ती उठली नाही.

शेअर आणि मालकी हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तो नीट कळला की बाकीचं सोपं जातं. शेअर म्हणजे गोदामातला हिस्सा नव्हे. मुंबईच्या श्रीमती बाचा गझदर यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या कंपनीचं 60 टक्के उत्पन्न शेतीचं धरून करमाफ होतं, म्हणून त्या म्हणाल्या की माझ्या लाभांशाचा 60 टक्के भागही शेतीचाच धरा. 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाग कंपनीची आहे, तुमची नाही; तुम्हाला मिळतो तो कंपनीशी असलेल्या नात्यातून आलेला पैसा, आणि कंपनी चालू असताना तिच्या मालमत्तेवर भागधारकाचा हक्क नसतो. तुमच्या कंपनीने शेअरवर काही परतावा दिला आणि कोणी सांगितलं की हे शेतीचं उत्पन्न, विवरणात दाखवायची गरज नाही, तर हा निकाल आठवा.

याच नियमाने एकाचा विमा गेला होता, तेही सांगतो, कारण आपल्याकडे ती चूक दर हंगामात दिसते. आयर्लंडमध्ये एका जमीनदाराने आपलं लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं, शेअर जवळजवळ सगळे त्याचेच, पण विमा राहिला त्याच्या स्वतःच्या नावावर. लाकूड जळालं. 1925 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने विमा कंपनीची बाजू उचलून धरली: लाकूड कंपनीचं, विमा तुमचा, तुमचं काही जळलंच नाही. ग्रेडिंग मशीन किंवा गोदामातल्या कापसाची पॉलिसी अध्यक्षांच्या नावावर असेल तर ती आजच बदलून घ्या. तुमच्या प्रश्नात हे नव्हतं, पण कंपनीच्या गाडीला जिथे घरची गाडी समजतात तिथे विम्याचे कागदही बहुधा तसेच निघतात.

मग हजार रुपयांत तुम्हाला मिळालं काय? मत. साध्या कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचं वजन जास्त. उत्पादक कंपनीत वैयक्तिक सभासदाला एकच मत, शेअर शंभर असोत की दहा हजार. अध्यक्षांचे शेअर तुमच्या वीसपट असले तरी आमसभेत तुमची बोटं सारखीच वर जातात. शेअर बाजारात विकता येत नाही. मंडळाच्या मंजुरीने दुसऱ्या सक्रिय सभासदाला, तोही दर्शनी किमतीलाच देता येतो. कंपनीने अनुदानातून साठ लाखांचं युनिट उभं केलं तरी तुमचे हजार रुपये हजारच राहतात. राखीव निधीतून बोनस शेअर दिले तरच आकडा वाढतो. शेअरवरच्या परताव्याला कंपनीच्या नियमावलीतच वरची मर्यादा असते. खरा फायदा येतो तो मालाच्या प्रमाणात, पॅट्रोनेज बोनस म्हणून: ज्याने जास्त सोयाबीन घातलं त्याला जास्त. थोडक्यात, भांडवलदाराला राजा करायचं नाही म्हणूनच हा प्रकार काढला गेला. 2002 च्या दुरुस्तीने तो जुन्या 1956 च्या कायद्यात आला, आणि 2021 पासून नव्या कायद्यात 378-ए ते 378-झेडयू अशी त्याची स्वतंत्र कलमं आहेत.

राजकीय देणगीची बंदी याच रचनेतून आली, असं माझं वाचन आहे. 412 सभासदांत सगळ्या पक्षांची माणसं असणार. तुमच्या सोयाबीनच्या नफ्यातून तुमच्याच विरोधातल्या उमेदवाराचा मंडप उभा राहायचा, आणि एक मत एक माणूस या तत्त्वावर उभी असलेली संस्था त्यात फुटायची. आपल्या भागातल्या सहकारी जिनिंग आणि खरेदी-विक्री संघांचं काय झालं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

साध्या कंपन्यांची गोष्ट मात्र वळणावळणाची आहे, आणि अध्यक्षांचे साडेसात टक्के तिथूनच आलेत. 1957 मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी बदलाला वाट दिली, कारण तेव्हाच्या कायद्यात अडवायला काही नव्हतं. पण कंपन्यांचा पैसा पुढे लोकशाहीचाच गळा आवळू शकतो, संसदेने याकडे पाहावं, असा स्पष्ट इशारा निकालातच दिला. 1960 मध्ये कायद्याने मर्यादा घातली. 1969 मध्ये देणग्याच बंद केल्या. बंदीने पैसा थांबला नाही, तो रोखीत गेला. 1985 मध्ये मर्यादेसह दार पुन्हा उघडलं, आणि 2013 च्या कायद्यात ती मर्यादा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 7.5 टक्के झाली.

2017 च्या वित्त कायद्याने ही मर्यादाच काढून टाकली. तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ लागली, आणि कोणत्या पक्षाला दिली हे हिशेबात लिहायची गरजही उरली नाही. 2018 पासून निवडणूक रोखे आले, म्हणजे देणाऱ्याचं नाव लोकांना न कळता पक्षाला बँकेमार्फत देणगी देण्याची सोय. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने रोखे रद्द केले आणि मर्यादा काढणारी दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेला रोखे घेणाऱ्यांची यादी निवडणूक आयोगाला द्यावी लागली आणि ती जाहीर झाली. त्यात सगळ्यात वरचं नाव होतं एका लॉटरी कंपनीचं, सुमारे 1,368 कोटी रुपयांचं. कोर्टाने एक गोष्ट फार सरळ सांगितली: माणसाच्या देणगीत आवड किंवा विचार असू शकतो, कंपनीची देणगी हा मुळात व्यवहार असतो, बदल्यात काही मिळावं म्हणून केलेला. म्हणजे अध्यक्ष म्हणतात तसं कोर्टाने "मोकळं" केलेलं नाही. मोकळं सोडलेलं जनावर परत बांधलं.

आज साध्या कंपनीसाठी कलम 182 असं चालतं. सरकारी कंपनीला देणगी देता येत नाही. वणीच्या पट्ट्यात कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स किंवा चंद्रपूरचं वीज केंद्र चालवणारी महानिर्मिती या दोन्ही सरकारी कंपन्या, त्यांना हे दार बंद. ज्या कंपनीला तीन आर्थिक वर्षं झाली नाहीत तिलाही बंद. बाकीच्यांनी संचालक मंडळाच्या सभेत ठराव करायचा, पैसे चेक, ड्राफ्ट किंवा बँकेतून द्यायचे, रोख नाही. मोडलं तर देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि दोषी अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. गावात एखादी जिनिंग प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि तिचा तीन वर्षांचा नफा 10, 20 आणि 30 लाख असेल, तर सरासरी 20 लाख आणि मर्यादा दीड लाख. त्यात जिनिंगच्या भागधारकांना विचारायची गरज नाही. हे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये वर्षाला 5,000 पौंडांच्या वर देणगी द्यायची तर कंपनीला भागधारकांचा ठराव घ्यावा लागतो. आपल्याकडे पैसा सगळ्यांचा असतो आणि निर्णय मूठभरांचा.

मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी काढून ठेवायच्या पैशातून, गावात कमान किंवा पाण्याची टाकी येते आणि तिच्यावर पुढाऱ्याचा फोटो झळकतो, हेही आपण पाहतो. सीएसआरच्या नियमांत राजकीय पक्षाला थेट किंवा आडून दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरता येत नाही, एवढंच सांगून पुढे जातो. तो वेगळा विषय आहे.

तर तुमच्या कंपनीच्या चार गोष्टी. स्मरणिकेतली जाहिरात सगळ्यात सोपी, कारण तिचा कागद आहे. कलम 182 मध्येच लिहिलंय की पक्षाच्या किंवा पक्षासाठी काढलेल्या स्मरणिका, पत्रक, पुस्तिकेतल्या जाहिरातीचा खर्च ही पक्षाला दिलेली देणगीच धरायची. आणि प्रकाशन पक्षाचं नसून पक्षाच्या फायद्याचं असेल तर ती राजकीय हेतूने दिलेली रक्कम धरायची. अध्यक्ष म्हणतील, ती कंपनीच्या बियाण्यांची जाहिरात होती. पान काढून बघा. बियाण्याचा वाण, दर, फोन नंबर आहे, की उमेदवाराला शुभेच्छा आणि संचालकांचे फोटो? दुसरं असेल तर वाद संपला.

पिकअप आणि ओटा. इथे लोक म्हणतात, डिझेल उमेदवारानेच भरलं, कंपनीचं काय गेलं? कलमात खर्च झाला की नाही हा प्रश्नच नाही. सुविधा उपलब्ध करून देण्यालाच मनाई आहे. "थेट किंवा अप्रत्यक्ष" हे शब्द त्यासाठीच आहेत. मला नेहमी विचारतात की बाजारभावाने भाडं घेऊन पावती फाडली तर चालेल का. भाड्याचा धंदाच असलेल्या कंपनीला त्यावर युक्तिवाद करता येईल. तुमच्या गोदामाला मी नको म्हणेन, कारण उद्या दुसऱ्या पक्षाने मागितलं आणि "तारीख नाही" म्हणून सांगितलं, की पावतीसकट तो पक्षपातच ठरतो. एक गोष्ट उमेदवाराच्याही कानावर घाला: विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा महाराष्ट्रात 40 लाख रुपये आहे, आणि त्याच्या संमतीने मिळालेली गाडी, मंडप, माणसं यांची किंमत त्याच्या खर्चात धरली जाते. ती दाखवली नसेल तर त्याच्या खर्चाच्या हिशेबावरही प्रश्न येतो.

काट्यावरच्या पोरांबद्दल मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण नाही म्हणायची त्यांची ताकद सगळ्यात कमी. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या पगारावर त्यांना सभेला पाठवलं असेल तर ते कलमातलं "मनुष्यबळ" झालं. पोरं स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या मनाने गेली असती तर कोणाची हरकत नव्हती. संचालकांचंही तसंच. अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून देणगी द्यावी, स्वतःच्या गाडीवर झेंडा लावावा, स्वतः उभं राहावं. संचालक मंडळात जिल्हा परिषदेचा सदस्य असला तरी कंपनी बाटत नाही. कंपनीची किल्ली वापरली की बाटते.

"आपण आमसभेत ठराव घेऊन टाकू," असं आता कोणीतरी म्हणेलच. तो मार्ग नाही. 378-झेडएचमध्ये विशेष ठरावाने, म्हणजे तीन चतुर्थांश मतांनी, सभासदांच्या किंवा लोकांच्या सामाजिक-आर्थिक कल्याणासाठी देणगी देता येते, आणि तीही मागच्या वर्षाच्या निव्वळ नफ्याच्या 3 टक्क्यांपर्यंत. तीन लाख नफा असेल तर नऊ हजार. शाळेच्या पंख्याला, आरोग्य शिबिराला ते पुरतात. पण राजकीय कारणासाठी 412 पैकी 412 जणांनी हात वर केले तरी कायद्याची मनाई उठत नाही. पुढाऱ्याच्या नावाच्या प्रतिष्ठानला "सामाजिक" म्हणून दिलेली देणगीही मी याच नजरेने पाहतो: पैसा शेवटी कुठे खर्च झाला?

हिशेबात हे कसं लपतं ते माहीत असेल तर शोधणं सोपं जातं. चंदा म्हणून नोंद कधीच नसते. जाहिरात "प्रसिद्धी खर्च" होते. डिझेल "शेतमाल वाहतूक" म्हणून जातं, पण त्या आठवड्यात खरेदीच्या नोंदवहीत माल दिसत नाही. मंडप "सभासद मेळावा" होतो. चहा-नाश्ता "प्रशिक्षण" होतो, आणि ते प्रशिक्षण एखाद्या योजनेच्या निधीतून दाखवलं तर गोष्ट आणखी वाकडी जाते. आजकाल बऱ्याच उत्पादक कंपन्यांना केंद्राच्या 10,000 एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेतून व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत मिळते. या पैशाची तपासणी होते.

म्हणून पहिलं काम: लेखापरीक्षकाचा अहवाल वाचा. उत्पादक कंपनीच्या ऑडिटरवर कायद्याने एक जादा जबाबदारी आहे. कंपनीने दिलेल्या देणग्या आणि वर्गण्या, तसंच कायद्यातल्या उत्पादक कंपन्यांच्या कलमांविरुद्ध वाटणारे व्यवहार, दोन्ही त्याला वेगळे नोंदवावे लागतात. तो अहवाल मिळवणं अवघड नाही. वार्षिक सभेची नोटीस किमान 14 दिवस आधी यायला हवी आणि तिच्यासोबत अजेंडा, मागच्या सभेचं इतिवृत्त, तपासलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक. व्हॉट्सॲपवर "उद्या 11 वाजता मीटिंग, जेवण आहे" असा निरोप म्हणजे नोटीस नव्हे. कागद दिले नाहीत तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून दाखल झालेली कागदपत्रं पाहता येतात. आमसभेची इतिवृत्तं कंपनीच्या कार्यालयात सभासदाला फुकट पाहता येतात. संचालक मंडळाची इतिवृत्तं मात्र सभासदाला मागता येत नाहीत. तिथे भांडत बसू नका.

मग लेखी पत्र. अध्यक्ष आणि सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) दोघांना, पोच घेऊन. आरोप नको, विचारणा करा: अमुक तारखेला अमुक स्मरणिकेतल्या जाहिरातीचा खर्च कोणत्या खात्यात टाकला, पिकअपची त्या आठवड्याची लॉगबुकची नोंद काय, गोदाम कोणाच्या परवानगीने दिलं, आणि कलम 378-झेडएचचं पालन झालं का. सीईओला पत्र जाणं महत्त्वाचं. तो कायद्याने सभासद नसलेला, पूर्णवेळ माणूस असतो, बहुधा कृषी पदवीधर तरुण, आणि "गाडी पाठव" असा तोंडी हुकूम त्यालाच मिळालेला असतो. त्याला माझा सल्ला असा की पुढच्या वेळी हुकूम आला की लगेच ईमेलवर एक ओळ टाकायची: "आपण सांगितल्याप्रमाणे गाडी द्यायची असल्यास कृपया लेखी कळवावे." बहुतेक गाड्या तिथेच थांबतात.

लेखी उत्तर आलं नाही तर तुमच्याकडे संख्येची ताकद आहे. एक तृतीयांश सभासदांनी विषय लिहून सह्या केल्या तर मंडळाला विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. 412 मध्ये ते 138 होतात. नियमावलीत जास्त मागितलं नसेल तर सभेची गणपूर्ती एक चतुर्थांश, म्हणजे 103. इथेच आपल्याकडे बहुतेक प्रकरणं मरतात, कारण हजेरीच्या रजिस्टरवर 300 सह्या असतात आणि सभामंडपात 40 माणसं. सह्या गोळा करताना शेअर प्रमाणपत्राचा किंवा फोलिओचा नंबर लिहून घ्या, नाहीतर निम्म्या सह्या "सभासदच नाहीत" म्हणून बाद करतील. मृत सभासदांच्या जागी वारस लागले आहेत का तेही पाहा. नामनिर्देशन भरलेलं नसेल तर यादीत बरीच नावं अशी सापडतात.

त्या सभेत मागायचं ते एवढंच: जाहिरातीचे 25,000 आणि पिकअप-गोदाम-माणसांची वाजवी किंमत संबंधित संचालकांनी कंपनीच्या खात्यात भरावी, भरल्याची नोंद ताळेबंदात दिसावी. कलम 378-टीप्रमाणे कायद्याविरुद्ध गोष्टीला ठरावाने किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारे मंजुरी देणारे संचालक कंपनीच्या नुकसानीला संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार असतात. "मी फक्त सही केली" हे उत्तर चालत नाही. ज्या संचालकाने विरोध केला असेल त्याने तो इतिवृत्तात नोंदवून घेतला असला तर त्याला सुटणं सोपं जातं. हे मंडळातल्या त्या एकदोन जणांना आत्ताच जाऊन सांगा जे खासगीत तुमच्याशी सहमत आहेत. संचालकाला स्वतःच्या खिशाची भीती वाटली की सभेआधीच पैसे भरले जातात, असा माझा अनुभव आहे.

नाहीच झालं तर कंपनी निबंधकाकडे तक्रार, आणि त्याच्याही पुढे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. न्यायाधिकरणाकडे गैरव्यवस्थापनाची तक्रार न्यायची तर 100 सभासद किंवा एकूण सभासदांचा दशांश, दोन्हींत जे कमी ते लागतात. तुमच्यासाठी 42. पण मुंबईचे वकील, तारखा, येण्याजाण्याचा खर्च, हे 25,000 साठी परवडत नाही. पिकअपची सवयच लागली असेल, किंवा चौकशीत आणखी मोठं काही निघालं, तरच तिकडे वळा. तक्रार निबंधकाकडे गेली आहे एवढं कळलं तरी बरेच अध्यक्ष नरमतात, कारण कंपनीचा पुढचा अनुदानाचा हप्ता आणि बँकेची कर्जमर्यादा दोन्ही त्याच कागदपत्रांवर अवलंबून असतात.

आणि जिल्हा परिषदेची निवडणूक समोर आली की त्याआधी मंडळाच्या सभेत एक छोटा ठराव मागा: आचारसंहितेच्या काळात कंपनीचं वाहन, गोदाम, काटा, बारदाना आणि कर्मचारी कोणत्याही पक्षाच्या कामासाठी दिले जाणार नाहीत, पिकअपची चावी सीईओकडे राहील, लॉगबुकवर रोज दोन सह्या होतील. ठरावाची प्रत गोदामाच्या दारावर चिकटवायची. कोणी मागायला आलं की सीईओने बोट दाखवायचं.